सेफ्टी रेझरने दाढी केल्यावर मानेची आग आणि लाल पुटकुळ्या: पातं बदलण्याआधी काय तपासायचं

दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर नव्याने हातात घेतलेल्यांची एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं. "गाल छान होतात हो, पण मानेची पार आग होते. कुठलं पातं घेऊ?" धाकट्या भावाने हेच विचारलं, कामावरच्या दोघांनी हेच विचारलं आणि नुकतीच दाढी करायला लागलेल्या भाच्यानेही हेच. त्या सगळ्यांच्या आधी हा प्रश्न माझाच होता. पाच प्रकारची पाती आलटून पालटून वापरत मी सहा महिने काढले. दोष त्यातल्या एकाही पात्यात नव्हता. माझ्या जबड्याखाली डावीकडे केस खालून वर उगवतात आणि मी तिथे रोज वरून खाली रेझर ओढत होतो. म्हणजे पहिलाच हात उलटा, केसांच्या वाढीच्या विरुद्ध, पडत होता, आणि मला वाटत होतं की मी सुलटी दाढी करतोय.

तेव्हापासून कोणी पात्याचं नाव विचारलं की मी आधी त्याला रेझर उघडायला सांगतो, मग मानेवरून बोट फिरवायला सांगतो. पात्याची पाळी येते, पण बरीच नंतर.

आधी लक्षण ओळखा

"त्रास होतो" एवढ्यावर काहीच कळत नाही. कधी होतो, कुठे होतो आणि कसा होतो, हे तिन्ही पाहायला हवं.

दाढी करतानाच केस ओढल्यासारखे वाटत असतील, डोळ्यांत पाणी येत असेल, तर केस पुरेसे भिजलेले नाहीत किंवा पात्याची धार गेली आहे. करताना काही जाणवत नाही, पण पाणी मारल्याबरोबर सगळीकडे चुरचुरतं, तर दाब जास्त आहे, कोन चुकतोय किंवा एकाच जागेवरून फार वेळा रेझर फिरतोय. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके एकाच पट्ट्यात येत असतील तर तिथे बहुतेक उलटा हात पडतोय. एखादी सरळ, बारीक चीर मात्र रेझर आडवा सरकल्याची खूण असते.

दाढीच्या दिवशी सगळं ठीक, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टणक पुटकुळ्या येतात आणि नीट पाहिलं तर आत केस वळलेला दिसतो, हा प्रकार वेगळा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. आणि जिथे रेझर लागलाच नाही तिथेही खाज येत असेल, तर संशय साबणावर किंवा आफ्टरशेव्हवर घ्यायचा, रेझरवर नाही.

आता तपासणी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान दोन दाढ्या तशाच करून पाहा. नवं पातं, नवा साबण आणि नवी पद्धत एकाच सकाळी सुरू केली, तर बरं वाटलं तरी कशामुळे ते कळणार नाही, आणि त्रास परत आला की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर.

तीन दिवस दाढी करू नका

याला खर्च काहीच नाही, तरी लोक नेमकं हेच टाळतात. सुजलेल्या त्वचेवर केलेला कुठलाही प्रयोग खोटं उत्तर देतो. उत्तम पातं, हलका हात, भरपूर फेस, सगळं असलं तरी आग होणारच, कारण वरचा थर आधीच खरवडला गेलेला असतो. ज्यांच्या मानेवर पुटकुळ्या भरल्या आहेत त्यांनी तीन दिवसांवर थांबू नये, पूर्ण बसेपर्यंत थांबावं. कामाच्या ठिकाणी अगदीच चालत नसेल तर ट्रिमरने केस मिलीमीटरभर ठेवून कापा. त्वचेला पातं लागणार नाही एवढं पाहा.

या सुट्टीतच एक चाचणी उरकून घ्या. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या साबणाचा फेस करून लावा, दाढीला लागतो तेवढा वेळ ठेवा आणि रेझर न लावता धुऊन टाका. त्याच्या पुढच्या दिवशी तसंच फक्त आफ्टरशेव्ह लावून पाहा. नुसत्या फेसाने किंवा आफ्टरशेव्हने आग झाली, लाली आली, तर गुन्हेगार सापडला. सुगंध नसलेला साबण घ्या, अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह बंद करा. कामावरच्या दोघांपैकी एकाचं दुखणं इथेच संपलं. रेझरला हातही लावावा लागला नाही.

रेझर उघडा आणि पातं सरळ बसलंय का पाहा

मिनिटभराचं काम आहे. रेझर डोळ्यांसमोर धरून टोकाकडून बघा. दोन्ही बाजूंना पात्याची कड सारखी बाहेर दिसायला हवी. एका बाजूला जास्त दिसत असेल, तर ती बाजू कापणार आणि दुसरी नुसती घासत राहणार.

तीन भागांचा रेझर असेल तर वरची टोपी उलटी धरा, तिच्या खुंट्यांवर पातं ठेवा, त्यावर खालची प्लेट बसवा. मग पात्याची धार नसलेली दोन आखूड टोकं चिमटीत धरून प्लेट दाबून ठेवा आणि दांडा फिरवा. फिरवताना दाब सोडला की पातं तिरकं होतं. दांडा पूर्ण आवळा. सैल ठेवला तर पातं थरथरतं आणि तीच थरथर चेहऱ्यावर ओरखड्यांच्या रूपाने दिसते.

प्लेटवर वाळलेला साबण किंवा क्षारांचा पांढरा थर असेल तर जुन्या दातांच्या ब्रशने घासून काढा. पातं जेमतेम 0.1 मिलीमीटर जाडीचं असतं, त्याच्याखाली अडकलेला कणही त्याला उचलतो. रेझर कधी फरशीवर पडला असेल तर खालच्या प्लेटची कड नीट बघा. ती वाकली असेल तर कुठलंही पातं त्यात सरळ बसणार नाही. अशा रेझरवर मेहनत घेऊ नका, टाकून द्या.

त्रास एकाच गालावर किंवा मानेच्या एकाच बाजूला होत असेल तर आणखी एक खात्री करून घेता येते. टोपीच्या एका बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या. आज ठिपक्याच्या बाजूने फक्त उजवीकडची दाढी करा आणि दुसऱ्या बाजूने डावीकडची. पुढच्या दाढीला अदलाबदल करा. त्रास ठिपक्याबरोबर सरकला तर दोष रेझरचा. जागच्या जागी राहिला तर तुमच्या हाताचा किंवा केसांच्या दिशेचा.

उघडलाच आहे तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं नवं पातं घाला. आणि तारीख लिहून ठेवा. किती दाढ्या झाल्या हे आठवणीवर सोडलं की तीनच्या सात कधी होतात ते समजत नाही. एका पात्यावर साधारण तीन ते पाच दाढ्या हा माझा हिशोब. दाट, राठ केसांना त्याहून कमी. चौथ्या दाढीला हात आपोआप जड पडायला लागला, तर त्या पात्याचं आयुष्य तीन दाढ्यांचं.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: इतका मऊ केस स्टीलची धार कशी घालवतो? 2020 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पात्याची धार केसाच्या घर्षणाने हळूहळू गोलावत जाते असं आपण समजतो. त्यांना दिसलं ते असं, की कापताना केस वाकतो, कडेवर तिरका जोर येतो आणि स्टीलची रचना जिथे एकसारखी नाही अशा ठिकाणी कडेचा बारीक टवका उडतो. मी यातून एक सवय उचलली. पातं टॉवेलने किंवा कागदाने पुसत नाही. पाण्याखाली धुतो, झटकतो, उभं ठेवून वाळू देतो. पुसताना कडेवर आडवा जोर पडतो आणि बोटही कापतं, ते वेगळंच.

पाणी आणि वेळ

कोरडा केस चिवट असतो. पाणी प्यायलेला केस फुगतो, मऊ होतो आणि पुष्कळ कमी जोरात कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तोंडावर दोनदा पाणी मारून लगेच फेस फासला तर तो वेळ मिळत नाही. आंघोळीनंतर दाढी करा, नाहीतर ओला रुमाल चेहऱ्यावर ठेवून तीन मिनिटं थांबा. पाणी कोमट पुरे. कढत पाण्याने त्वचा आणखी चिडते.

फेस कसा आहे हे बोटांनी तपासा. चिमटीत चोळल्यावर बुळबुळीत लागायला हवा. लेपासारखा घट्ट बसत असेल आणि रेझर त्यातून अडखळत जात असेल तर पाणी कमी पडलंय. मोठे बुडबुडे दिसत असतील आणि मिनिटात विरत असेल तर साबण कमी पडलाय. पाण्यात क्षार जास्त असतील तर साबणाचा काही भाग त्यांच्याशी जुळून साका होतो, मग साबण वाढवावा लागतो. भरघोस फेस म्हणजे चांगला फेस, हा गैरसमज आहे. रेझर घसरतो तो ओलाव्यावर. फेसाच्या उंचीचा त्यात काही भाग नाही.

दाब

कार्ट्रिजच्या, म्हणजे पात्यांसकट डोकंच बदलायच्या रेझरमधून आलेल्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच. तिथे डोकं स्वतः वळतं आणि दाबलं तरी बरंचसं निभावून जातं. सेफ्टी रेझरचं डोकं वळत नाही. दाबलं की पातं आणि खालच्या प्लेटची कड यांच्या मधल्या फटीत त्वचा फुगून शिरते आणि पातं केसाबरोबर तीही सोलतं. त्वचेच्या छिद्रातून वर आलेल्या केसांभोवतीची त्वचा थोडी उंचावलेली असते, तिचे शेंडे आधी उडतात. तेच ते रक्ताचे ठिपके.

दांडा मधोमध मुठीत पकडू नका. खालच्या टोकाजवळ अंगठा आणि दोन बोटांत धरा, म्हणजे मनात आलं तरी फार दाबता येणार नाही. रेझरच्या वजनानेच काम व्हायला हवं. तेवढ्याने केस कापले जात नसतील, तर जोर वाढवायचा नाही. वरचं प्रकरण पुन्हा वाचायचं, कारण केस भिजलेले नाहीत किंवा पातं संपलेलं आहे.

कोन

टोपी गालावर टेकवा, दांडा जमिनीला समांतर, गालापासून थेट बाहेर. या स्थितीत पातं लागत नाही. आता दांडा हळूहळू खाली आणा. पातं केसाला पहिल्यांदा पकडेल तिथे थांबा. पातं आणि त्वचा यांच्यात साधारण 30 अंशांचा कोन झालेला असेल, पण अंश मोजायची गरज नाही, कान पुरेत. नळ बंद करा, पंखा बंद करा. केस कापले जाताना बारीक खरखर ऐकू येते. आवाज गेला तर कोन सुटला. आवाज येतोय पण त्वचा खरवडल्यासारखी वाटतेय, तर दांडा फार खाली आलाय.

जबड्याच्या कडेवर आणि हनुवटीवर वळण बदलत जातं, म्हणून तिथे लांब हात चालत नाहीत. दोन-अडीच सेंटीमीटरचे छोटे हात मारा, प्रत्येक हातामागे मनगट पुन्हा जुळवा.

मानेचा नकाशा

खरा घोळ मानेवर होतो आणि माझ्या अनुभवात उत्तरही बहुतेक वेळा तिथेच सापडतं. गालावरचे केस साधारण खाली झोपतात, म्हणून वरून खाली म्हणजे सुलटं, असं डोक्यात बसतं. मानेवर तो नियम चालत नाही. केस वर जातात, आडवे जातात, गळ्याच्या घाटीच्या बाजूला भोवऱ्यासारखे फिरतात. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या नसतात.

दीड-दोन दिवसांची वाढ असताना, कोरड्या चेहऱ्यावर, उजेडात आरशासमोर उभे राहा. मानेच्या प्रत्येक टापूवरून बोट चारही दिशांना फिरवा. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं ती सुलटी, ज्या दिशेने खुंट टोचतात ती उलटी. बोटाने नक्की कळत नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, उलट्या दिशेला तो अडकतो. कागदावर मानेचा ओबडधोबड आकार काढून बाण मारा आणि तो कागद आरशाजवळ चिकटवा. भाच्याच्या कागदावर उजवीकडचे बाण जवळजवळ कानाकडे निघाले होते. तो आठवडाभर कागद बघत दाढी करत होता, मग हाताला सवय झाली.

पहिला हात फक्त बाणांच्या दिशेने. मग पुन्हा फेस लावा आणि दुसरा हात आडवा. मानेसाठी एवढ्यावर थांबा. उलटा हात गालावर सोसत असेल तर खुशाल मारा, मानेवर महिनाभर नाही. थोडी खरखर राहील. राहू द्या, संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांचीच येते.

फेस निघून गेलेल्या जागेवर "एवढा एकच राहिला" म्हणून मारलेला कोरडा हात सगळ्यात जास्त नुकसान करतो. राहिलेला ठिपका दिसला की आधी तिथे फेस लावा, मग रेझर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या टणक पुटकुळ्यांचं कारणही इथेच आहे. कुरळा केस त्वचा ताणून, उलट्या दिशेने, खोलवर कापला की त्याचं टोक तिरकं, अणकुचीदार होतं. ताण सोडल्यावर ते टोक त्वचेखाली जातं आणि वाढताना बाहेर यायचं सोडून आतच शिरतं. शरीर त्याला बाहेरची वस्तू समजून सूज आणतं. म्हणून अशा लोकांनी त्वचा फार ताणू नये, उलटा हात कायमचा सोडावा आणि गुळगुळीतपणाचा आग्रह धरू नये. कितीही महागडं पातं आणलं तरी हा प्रकार थांबत नाही. उलट फार जवळून कापणाऱ्या पात्याने तो वाढतो.

आता पात्याकडे

वरचं सगळं करून दोन-तीन आठवडे झाले आणि तरीही केस ओढले जातायत किंवा आग होतेय, तर आता पातं बदलून पाहण्यात अर्थ आहे.

दुधारी पात्यांची एक मोठी सोय म्हणजे माप एकच. किंग कॅम्प जिलेट यांना त्यांच्या सेफ्टी रेझरचं अमेरिकन पेटंट 1904 मध्ये मिळालं. आज नेहमीचं कुठलंही दुधारी पातं नेहमीच्या कुठल्याही दुधारी रेझरमध्ये बसतं. त्यामुळे रेझर तोच ठेवून पाती पारखता येतात.

लोक "चांगलं पातं" म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक धार, म्हणजे केस किती कमी जोरात कापला जातो. दुसरी मऊपणा, म्हणजे त्वचेवरून जाताना ते कसं लागतं. कारखान्यात पात्याची कड कशी घासली आहे त्यावर धार ठरते. कडेवर चढवलेल्या क्रोमियम किंवा प्लॅटिनमच्या थराने ती टिकायला मदत होते, आणि वरच्या टेफ्लॉनसारख्या थराने घर्षण कमी होतं. एकच पातं धारदार पण रुक्ष असू शकतं, आणि दुसरं मऊ पण दोन दाढ्यांत थकणारं.

घाबरून सौम्य पात्याकडे वळणं ही इथली नेहमीची चूक. दाट, राठ दाढीवर कमी धारेचं पातं अडकतं, मग हात नकळत दाबतो आणि आग वाढते. भावाला मी फेदरची पाती दिली तेव्हा तो बिचकला, कारण ही जपानी पाती फार धारदार म्हणून प्रसिद्ध आहेत. त्याच्या राठ दाढीवर त्यांनीच काम केलं, पण हात हलका झाल्यावर. आधी दिली असती तर रक्तबंबाळ झाला असता. विरळ, मऊ दाढीच्या आणि नाजूक त्वचेच्या माणसाने मात्र मधल्या धारेच्या पात्यापासून सुरुवात करावी.

पारख अशी करा. तीन-चार प्रकारची थोडी थोडी पाती घ्या, मोठा खोका एकदम नको. प्रत्येक प्रकारावर तीन दाढ्या, साबण तोच, रेझर तोच. दर वेळी चार नोंदी: ओढलं का, धुतल्यावर चुरचुरलं का, दुसऱ्या दिवशी सकाळी मान कशी होती, ठिपके किती. पहिल्या दाढीवरून निकाल देऊ नका. काही पाती पहिल्यांदा बोचरी लागतात आणि दुसऱ्यांदा छान चालतात. दुसऱ्याने वाखाणलेलं पातं तुमच्या मानेला मानवेलच असं नाही, कारण केस, त्वचा आणि रेझर तिन्ही वेगळे.

शेवटी रेझर

एकही पातं जमत नसेल तरच रेझर बदलण्याचा विचार करा. पातं आणि खालच्या प्लेटची कड यांच्यातली फट, आणि पात्याची कड किती पुढे येते, या दोन गोष्टींवर रेझर सौम्य की आक्रमक ते ठरतं. रोज दाढी करणाऱ्याला सौम्य रेझर आणि धारदार पातं ही जोडी सहसा मानवते. चार-पाच दिवसांनी एकदा करणाऱ्याला कंगव्यासारखे दाते असलेला रेझर बरा, लांब केस त्यात तुंबत नाहीत. फट कमी-जास्त करता येणारा रेझर आधीच असेल तर काही विकत घेण्याआधी तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून पाहा.

इथे थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जा

पिवळ्या पूच्या पुटकुळ्या पसरत असतील, केसतोडासारखी दुखरी गाठ आली असेल, ताप असेल, तर दाढी बंद करा आणि लगेच दाखवा. केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि रेझर तो चेहराभर नेतो. गोल, कडेला खवले असलेला चट्टा दिसत असेल आणि तिथले केस सहज उपटले जात असतील, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्यावर घरातलं स्टिरॉइडचं मलम मनाने लावू नका. चार दिवस बरं दिसतं, आत बुरशी वाढते.

दोन-तीन आठवडे दाढी पूर्ण बंद ठेवूनही पुरळ बसत नसेल, काळे डाग किंवा टणक वण राहत असतील, दाढीच्या पट्ट्यातला एखादा तीळ वारंवार कापला जाऊन रक्त येत असेल किंवा त्याचा आकार, रंग बदलत असेल, तरीही दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी कापण्या-सुजण्याकडे जास्त लवकर लक्ष द्यावं. साध्या कापण्यावर स्वच्छ कापड सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. बारीक ठिपक्यांना ओली तुरटी चालते. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर दवाखाना गाठा.

आत वळलेला केस सुईने उकरू नका. भावाने एकदा उकरला, त्याचा वण अजून आहे. रेझर आणि पातं कोणालाही देऊ नका, घरातल्यालाही नाही. कावीळ ब आणि क चे विषाणू रक्तातून पसरतात, आणि पात्यावर रक्त असतंच, दिसो वा न दिसो.

डॉक्टरकडे जाण्याच्या आधी दोन दिवस दाढी करू नका, म्हणजे पुरळ आहे तसा दिसेल. नकाशाचा कागद आणि नोंदी बरोबर न्या, शिवाय साबण, आफ्टरशेव्ह आणि लावलेल्या मलमाची डबीही न्या.